तिसरी क्लच प्लेट

मिस्त्रीने काढलेली क्लच प्लेट मास्तरांपुढे ठेवली. जळून काळीठिक्कर पडली होती. वर्षातली ही तिसरी.

"नवी शिकायला आलेली पोरगी क्लचवरून पायच उचलत नाही," मास्तर म्हणाले. "किती घसा कोरडा करायचा माणसाने?"

मास्तर तीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवत होते. मिस्त्रीही त्यांच्याकडेच शिकलेला, म्हणून मजुरी न घेता तो फक्त सामानाचे पैसे घ्यायचा. पण सामानच एवढं महागलं होतं की तेवढ्यानेही मास्तरांचं कंबरडं मोडत होतं. दोन गाड्या विकून झाल्या, उरली ही एकच. आता पुन्हा प्लेट गेली तर ड्रायव्हिंग स्कूलला टाळं लावायचं, असं त्यांनी सांगून टाकलं.

बोलता बोलता त्यांच्या हातातला कप कलंडला आणि वाफाळता चहा डाव्या पावलावर सांडला. मास्तर आपले बोलतच राहिले. काळजीने माणसाचं असंच होतं, असं मनाशी म्हणत मिस्त्रीने फडकं पुढे केलं.

त्या पोरीचा त्याला मनस्वी राग आला. तिची चूक एकदा डोळ्यांनी बघायची आणि चांगलं खडसवायचं, असं त्याने ठरवलं. नवी प्लेट बसवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागच्या सीटवर जाऊन बसला. पोरगी स्टिअरिंगवर, मास्तर शेजारी. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असतात, दोन्हीकडची पेडलं एकमेकांना जोडलेली. पोरगी बिचारी आधीच धास्तावलेली होती, तरी चौकापर्यंत गाडी नीट गेली. चढ लागला तसं इंजिन नुसतंच बोंबलायला लागलं, गाडी काही पळेना. जळका वास सुटला.

"पाय उचल," मास्तर म्हणाले.

"उचललाय, सर. पेडल आपोआपच खाली जातंय."

"ऐकलंस? नाचता येईना अंगण वाकडं," मास्तर मिस्त्रीला म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. "तूच बघ, कुठे आहे हिचा पाय."

मिस्त्री पुढे वाकला. पोरीचं डावं पाऊल पेडलपासून चांगलं वीतभर लांब, खाली सपाट टेकलेलं होतं. त्याने मान वळवून मास्तरांच्या बाजूला पाहिलं.

"आणि तुमचा पाय, मास्तर?" त्याने हळूच विचारलं.

"माझा? मी तर केव्हाच मागे घेतलाय," समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या डाव्या पावलाखालचं पेडल आणखी थोडं खाली गेलं.