काटा स्थिर होईपर्यंत

“आवाज जरा मोठा करतो,” म्हणत वकिलांनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. “खाली टायरवाल्याचा कंप्रेसर सुरू झाला, की इथं कानाला तोंड लावून बोलावं लागतं.”

शेजारच्या खुर्चीत तिचा धाकटा भाऊ बसला होता. तो लॅपटॉपकडे बघत नव्हता. त्यावरचा व्हिडिओ त्यानंच काढलेला होता.

ती सही करायला आली होती. वडिलांना ट्रकनं उडवलं त्याला सात आठवडे झाले होते. नुकसानभरपाईच्या दाव्यावर दोन्ही मुलांच्या सह्या हव्या होत्या. दहा मिनिटांचं काम आहे, असं भाऊ फोनवर म्हणाला होता.

“विमा कंपनीचं म्हणणं, म्हातारे जागच्या जागी बेशुद्ध झाले,” वकील सांगू लागले. “म्हणजे दुखणंबिखणं त्यांना कळलंच नाही. आणि कळलंच नाही, तर वेदनांची भरपाई कशाची? आपण म्हणतो, सगळं कळत होतं. चांगलं चार दिवस कळत होतं.” त्यांनी भावाच्या पाठीवर थाप मारली. “आणि पुरावा आहे आपल्याकडे. असं प्रसंगावधान दहांत एखाद्याला असतं.”

“ते बेशुद्धच होते,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत.”

भाऊ खिशातल्या किल्ल्या चाचपत राहिला. “तुला उगाच त्रास नको, म्हणून तसं सांगितलं, ताई.”

अपघात सोमवारी झाला. त्या दिवशी फोनवर तिनं विचारलं होतं, “त्यांना काही कळतंय का?” भाऊ म्हणाला होता, नाही. ते ऐकून तिला बरं वाटलं होतं. इतकं बरं, की तिनं शनिवारचं तिकीट काढलं. शुक्रवारी पहाटे वडील गेले.

व्हिडिओच्या कोपऱ्यात बुधवार दुपारची वेळ होती.

वडिलांचा चेहरा सुजून एका बाजूला ओढला गेला होता. ओठांची साल निघाली होती. एक डोळा उघडा होता आणि तो कॅमेऱ्याच्या जरा वर, भावाच्या तोंडाकडे बघत होता.

“बाबा, कुठं दुखतंय?” भावाचा आवाज आला.

“पाणी.”

“देतो ना. आधी सांगा, कुठं दुखतंय? मोठ्यानं बोला.”

“पायावरची चादर काढा,” मागून कुणीतरी म्हणालं. “पाय नीट येऊ द्या.”

चादर ओढली गेली. वडील कण्हले.

“आमचाच माणूस. हॉस्पिटलात फिरत असतो,” वकील म्हणाले. “त्याचा आवाज काढून टाकू. कण्हणं ठेवू.”

तिनं पायाकडे बघितलं नाही. ती हाताकडे बघत होती. वडील वजनकाटे दुरुस्त करायचे. वजन ठेवलं, की काटा स्थिर होईपर्यंत ते उजव्या हाताचं बोट वर धरायचे. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही, चालायचं नाही. दोघं भावंडं श्वास रोखून उभी राहायची. आता तेच बोट गादीवरून थरथरत वर आलं.

“ताई आली का?” वडिलांनी विचारलं.

“येईल. आधी सांगा, किती दुखतंय?”

वकिलांनी चित्र मागं नेऊन थांबवलं. बोट वरच राहिलं.

“इथं कापायचं. बोट उचललं, म्हणजे शुद्ध आहे, झालं काम. पुढचं वाक्य मात्र अंगाशी येईल. मुलगी आली का विचारतायत, आणि आपण तर लिहिलंय, मुलगी रात्रंदिवस उशाशी होती.” त्यांनी जिभेला अंगठा लावून दाव्याची पानं उलटली, शेवटचं पान तिच्यापुढं सरकवलं आणि पेन दिलं. सहीच्या जागेशेजारी ओला ठसा उमटला होता.

“मी तिथं नव्हते.”

“कागदावर सगळेच असतात हो, ताई,” वकील हसले. “शुश्रूषेचे पैसे वेगळे मिळतात. सोडायचे कशाला?”

“मला काय हौस आहे का?” भाऊ एकदम म्हणाला. “त्या ट्रकवाल्याला मोकळा सोडायचा? चार दिवस मी एकटा होतो तिथं. तू नव्हतीस.”

ते खरंच होतं. ठसा हळूहळू वाळत होता.

“पाणी दिलंस?” तिनं विचारलं.

“कधी?”

“हे काढून झाल्यावर. देतो म्हणालास ना.”

भावानं वकिलांकडे बघितलं, मग खाली. “तोंडाला काही लावायचं नाही, असं नर्सनं सकाळीच सांगितलं होतं.”

खाली कंप्रेसर धडधडू लागला. टेबलावरचा चष्मा थरथरत कडेकडे सरकायला लागला. वकिलांनी तो सवयीनं धरून ठेवला.

“जेवढं कापणार आहात,” ती आवाज चढवून म्हणाली, “तेवढं मला हवंय.”

“देतो ना,” भाऊ म्हणाला. “आधी सही कर.”

तिनं पेन कागदावर आडवं ठेवलं आणि उजव्या हाताचं बोट वर धरलं.

भाऊ पुढं काही बोलणार होता. त्याचं तोंड उघडं राहिलं, आणि नकळत त्यानं श्वास रोखून धरला.