सोबतीचं बटण

चेहरा बघून संकेतस्थळं आपोआप उघडायला लागून बारा वर्षं झाली होती. औषधं मागवायच्या संकेतस्थळावरची 'सोबती'सारख्या इतर संकेतस्थळांच्या खात्यावरून आत शिरायची जुनी आठ बटणं काढायचं काम ऋजुताकडे आलं. सात बटणं आता कुणीच दाबत नव्हतं. 'सोबती'चं बटण मात्र दापोलीचे भार्गव सोवनी रोज सकाळी दाबत. औषधं मागवत महिन्यातून एकदाच. तिने त्यांना फोन लावला.

"आजोबा, उद्यापासून ते बटण नसेल. कॅमेऱ्याकडे नुसतं बघा, पान उघडेल."

"उघडतं हो. पण माझ्या नावाने उघडतं."

"मग?"

"सोबतीवर आमचं दोघांत एकच खातं, हिने काढलेलं. तिथून गेलं की 'या, कुमुदताई' म्हणतात आणि कोपऱ्यात हिचा फोटो येतो. अबोली माळलेला. बाहेर पडेपर्यंत राहतो. ही जाऊन चार वर्षं झाली."

बटण ठेवणं ऋजुताच्या हातात नव्हतं. तिने तसं सांगितलं.

"बरं, मग असं करा," आजोबा म्हणाले. "आज मी शेवटचा आत जातो. माझं बाहेर पडायचं बटण तेवढं काढून टाका."