खालचाच ओठ

नाच शिकवणाऱ्या तोयोकोबाईंनी कुंचला लाल रंगात बुडवला आणि आजही सुझुनोचा खालचाच ओठ रंगवला. मैफलीत नाचणारी गेशा नवशिकी असेतो तिचा वरचा ओठ कोरा ठेवायचा, ही क्योटोतली जुनी रीत. पण सुझुनो यंत्रमानव; कारखान्यातून आली तीच सगळे नाच पाठ असलेली. तिचा पंखा कधी तसूभरही चुकला नव्हता.

"बाई, माझं चुकतं तरी काय?"

"काहीच नाही. तेच तर दुखणं आहे, बाळ."

त्या संध्याकाळी, भर मैफलीत, म्हाताऱ्या कियोमीची बोटं शामिसेनच्या तारांवर अडखळली. तोयोकोबाई पडद्याआडून पाहत होत्या. संपलं, आता हिला पुन्हा कोणी वाजवायला बोलावणार नाही! एवढ्यात सुझुनोचा पंखाही हवेत थांबला, जणू नाच तसाच बसवला होता. कियोमीला सूर सापडला, तसा पंखा अलगद उलगडला. पाहुण्यांना पत्ताही लागला नाही.

आत येताच सुझुनोने मान खाली घातली. "बाई, मी मध्येच थांबले. आज माझा नाच चुकला."

"चुकला खरा," म्हणत तोयोकोबाईंनी कुंचला उचलला. "ये, वरचा ओठ पुढे कर."