पुढचा नंबर

“रविवारी दुकानात शाळा? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?” गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधता बांधता न्हाव्याने आरशातूनच लेकीकडे बघितलं.

“घरी कोणाला शिकवू? आईला आणि फ्रिजला?” ती म्हणाली. “इथे सहा जण आयते बसलेत. दहाच मिनिटं, बाबा.”

“तू शिकवणार. एखाद्याने दुसऱ्यांदा विचारलं की अंगावर जातेस त्याच्या.”

अख्खी गल्ली तिला ठिणगी म्हणायची. का म्हणतात, एवढं विचारलं तरी ती भडकायची.

अकरा वाजता परदेशातून फोन येणार होता. तिकडच्या उन्हाळी शिबिरात चाळीस मुलं इंग्रजी शिकणार होती आणि शिकवायला एकच जागा उरली होती. शिबिराच्या बाई फोनवरून तिचा तास बघणार आणि लगेच हो की नाही ते सांगणार. त्यांनी पाठवलेला मुलांचा फोटो तिने आरशाच्या कोपऱ्यात खोचला होता. चाळीस जणांनी कोऱ्या वह्या डोक्यावर धरलेल्या. शिबिर अजून महिनाभर लांब, आणि ही पोरं आत्तापासून वह्या घेऊन तयार.

बाईंची अट सोपी होती. तिने सगळं इंग्रजीत बोलायचं, आणि दहा मिनिटांत एका तरी विद्यार्थ्याने आपणहून प्रश्न विचारला पाहिजे. हे विद्यार्थ्यांना मात्र आधी सांगायचं नाही.

बाकड्यावर पोस्टमन, बेकरीवाला, बसचा ड्रायव्हर, त्याचे दोन मेहुणे आणि वकीलकाका. वकीलकाकांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. ते रोज फक्त फुकटचा पेपर वाचायला यायचे.

बेकरीवाला सगळ्यात हौशी. “उभं राहून बोलायचं की बसून? चुकलं तर? त्या बाई मला पण दिसणार का?”

“ओ काका, मध्येमध्ये विचारू नका हो,” ठिणगी तडकली. “विचारायचं मी. तुम्ही फक्त उत्तर द्यायचं. कळलं का सगळ्यांना?”

सगळ्यांना कळलं. पोस्टमनने तर तोंडावर बोटच ठेवलं.

अकराला फोन वाजला. तिने तो पावडरच्या डब्याला टेकवून उभा केला. आत चष्मेवाल्या बाई, हातात पेन.

“हू इज हंग्री?” ठिणगीने पोटावरून हात फिरवला.

“आय!” ड्रायव्हर आणि बेकरीवाला एकदम ओरडले.

“हू इज टॉल?” दोघे मेहुणे उठले आणि पाठीला पाठ लावून मापायलाच लागले. वकीलकाकांनी पेपर खाली ठेवला. पाचव्या मिनिटाला खुर्चीतलं गिऱ्हाईक उठून, गळ्यातल्या कापडासकट, बाकड्यावर येऊन दाटीवाटीने बसलं.

“अरे, अर्धं डोकं राहिलंय तुझं,” न्हावी म्हणाला.

“राहू दे.”

“बरं, मग पुढचा नंबर. पोस्टमनसाहेब, तुमचा.” पोस्टमनने मागे न बघता त्यालाच गप्प राहायची खूण केली.

सातवं मिनिट गेलं, आठवं गेलं. उत्तरं लाह्यांसारखी फुटत होती, पण प्रश्न काही येईना. ठिणगीने भुवया उंचावल्या, हात पसरले, कानामागे हात धरला. बेकरीवाल्याच्या ओठांवर काहीतरी आलेलं तिला दिसलं. त्याने तिच्याकडे बघितलं आणि ते गिळून टाकलं.

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. यांच्या तोंडाला कुलूप आपणच घातलंय. आणि आता आपल्या भाषेत एक शब्द बोलायची सोय नाही. आरशातल्या चाळीस वह्या एकदम फार लांब वाटायला लागल्या.

फोनमधल्या बाईंनी घड्याळ बघितलं.

मागे कात्रीचा आवाज कधीचाच थांबला होता. न्हावी रिकाम्या खुर्चीशी उभा होता. रविवारी अकरा वाजता ही खुर्ची रिकामी त्याने जन्मात बघितली नव्हती. त्याने बाकड्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, घसा खाकरला. मग कंगवा धरलेला हात शाळेतल्यासारखा वर केला.

“टीचर,” तो म्हणाला, “हू इज... नेक्स्ट?”

‘बाबा, मध्ये नका ना’ एवढं ठिणगीच्या जिभेवर आलं होतं, ते तिथेच राहिलं. बाबांना कुणी नियम सांगितलाच नव्हता. फोनमधल्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि टाळ्या वाजवल्या. “येस,” त्या म्हणाल्या. “येस, येस.”

ठिणगीने एकदा फोटोकडे बघितलं. मग बाबांचा प्रश्न घेऊन ती बाकड्याकडे वळली आणि एकेक शब्द सुटा करून, अगदी सावकाश म्हणाली, “हू इज नेक्स्ट?”

“आय,” वकीलकाका म्हणाले. ते उठले, तडक खुर्चीत जाऊन बसले आणि हनुवटी वर करून कापडाची वाट बघू लागले.