चुकीची मतं

“कॅसेटवाले गेम म्हंजी निव्वळ पोरखेळ,” हुसेनबी मोठ्यानं म्हणाली आणि पोराच्या तोंडाकडं बघत राहिली.

अतीक खाटेवर उताणा पडला होता. डोळे उघडे, नजर आढ्याला. पौडच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडल्यापासून तो असाच होता. हाडं जुळली, टाके सुकले, वाचा मात्र परतली नाही. ‘ऐकतो सगळं,’ पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते, ‘पण बोलावंसंच वाटत नाही त्याला. उत्तर दिल्यावाचून राहवणार नाही असं काहीतरी काढा. जितका गप्प राहील तितकी जीभ जड होत जाईल.’

उत्तर दिल्यावाचून अतीकला राहवत नसे ते एकाच बाबतीत. एरवी कालवण खारट झालं तरी मुकाट जेवून उठणारा पोरगा. पण व्हिडिओ गेमबद्दल कुणी चुकीचं बोललं की पेटायचा. बाजारातल्या नेट कॅफेत बसून, गेमवाल्यांच्या एका साइटवर कधी तोंड न पाहिलेल्या माणसांशी हमरीतुमरीवर यायचा. म्हणून त्याच्या धाकट्या बहिणीनं, समीनानं, त्याच साइटवर लिहिलं होतं : भाई बोलत नाही. त्याला सहन होणार नाहीत अशी मतं पाठवा. आणि लोकांनी पाठवली. नागपूरहून, कोचीहून, एकानं तर दुबईहून. समीना ती डोक्यात साठवून आली होती. ती आईच्या कानात सांगायची, हुसेनबी मोठ्यानं म्हणायची. बाहेरच्यांपेक्षा आईचं बोलणं त्याला जास्त झोंबायचं.

“पुढचं सांग,” हुसेनबी म्हणाली.

“गेममधी मेलं की तितनंच परत सुरू झालं पायजे. पयल्यापासनं खेळायला लावणं म्हंजी नुसता छळ.”

हुसेनबीनं ते जसंच्या तसं म्हटलं. यावर तर तो ताटावरून उठायचा. पहिल्यापासून खेळावं लागलं नाही तर मरणाला किंमत काय राहिली, असं हातवारे करून सांगायचा. डाळीचे शिंतोडे भिंतीवर उडायचे. आता त्याची पापणी लवली, एवढंच.

“मरणाला काय बी किंमत नसती,” तिनं पदरचं एक वाक्य जोडलं.

शेजारच्या किराणा दुकानाचे हैबतराव दारात डोकावले. “काय भाभी, पोराशी भांडताय व्हय?”

“भांडतीया. तुमी बी या.”

हैबतराव आत आले नाहीत. आल्या पावली दुकानाकडं वळले.

“आजून काय हाय?”

“नव्या प्लेस्टेशनवर चित्र चांगलं दिसतं म्हणून गेम बी चांगले, असं एक जण म्हंतोय.”

तेही झालं. चौथं झालं, पाचवं झालं. गेमची नावं हुसेनबीच्या जिभेवर अडखळत होती. एरवी त्या चुका ऐकूनच तो कपाळावर हात मारून घ्यायचा. आढ्याला चिकटलेली नजर काही सुटली नाही.

समीना घुटमळली. “अम्मी, एक ऱ्हायलं. तो नागपूरवाला. भाईसंगं रोज भांडायचा तो. त्यो म्हंतोय, अतीक पयल्यापासून बरोबर होता, मीच चुकलो. त्ये सांगायचं का?”

“नगं,” हुसेनबी घाईनं म्हणाली. “जिकलेला माणूस कशाला बोलंल?”

दुपार कलली, असरची अजान झाली. तिनं नमाज पढली आणि रोजच्यासारखी येऊन अतीकच्या उशाशी उभी राहिली. ओठातल्या ओठात दुआ पुटपुटत कपाळापासून छातीपर्यंत तीनदा फुंकर घातली. रोजच्यासारखंच काही झालं नाही.

ती वळली, तेव्हा तिची नजर फळीवरच्या टीव्ही गेमवर गेली. शेजारी एकच कॅसेट होती, चित्राचा कागद कधीच झिजून गेलेली. अतीक लहान असताना पडद्यावर रेघा आल्या की ही कॅसेट घेऊन धावत यायचा. ‘अम्मी, फुंक मार.’ ती मारायची आणि गेम चालू व्हायचा. मग गल्लीतली सगळीच पोरं आपापल्या कॅसेटी तिच्याकडं आणायला लागली. हुसेनबीच्या फुंकरीला गुण आहे म्हणायची.

पुढं थोराड झालेला अतीक एक दिवस नेट कॅफेतून नवं शहाणपण घेऊन आला. ‘फुंकायचं न्हाई, अम्मी. तोंडाच्या वाफेनं आतल्या पितळी दातांना गंज चढतो. नुसती काढून परत बसवली की चालती.’ त्यावर त्यानं त्या साइटवर लांबलचक लिहिलं, शिव्या खाल्ल्या, पण हटला नाही. सवयीनं तिनं एकदा फुंकर मारली, तर त्यानं झडप घालून कॅसेट हिसकावून घेतली होती.

हुसेनबीनं फळीवरची कॅसेट उचलली.

“ती नगं अम्मी,” समीना म्हणाली. “ती त्याची पयली हाय.”

हुसेनबी खाटेच्या कडेला बसली. अतीकच्या डोळ्यांसमोर कॅसेट तोंडाशी धरली आणि भरदार, ओलसर फुंकर मारली.

आढ्यावरची नजर खाली आली. कॅसेटवर थांबली.

तिनं पुन्हा फुंकलं. त्याच्या कपाळावर आठी पडली. ओठ सुटले, मिटले, परत सुटले. आवाज आला नाही.

“अम्मी, पुरं. खराब हुईल ती,” समीना रडत म्हणाली.

“हू दे.”

कॅसेटच्या पितळी दातांवर वाफ धरली होती. हुसेनबीनं ती पुसली नाही. मुलाच्या ओठांवरची नजर न हलवता तिनं छाती भरून श्वास घेतला.