मानेचं माप

कॅप्टन वेड ट्रेक्सलरला मिळायचं होतं ते थोडंथोडकं नव्हतं. मेजरचा हुद्दा, मुख्यालयातली गार हवेची खोली, आणि उरलेल्या नोकरीत पाठीवर पुन्हा पिठ्ठू न चढवण्याची सोय. त्या खोलीच्या वाटेत एकच गोष्ट आडवी आली होती. सार्जंट रॉयस ब्लेडसोचं पोट.

ते या क्षणी त्याच्यासमोर उघडं उभं होतं. पलटणीची मुख्य सार्जंट अल्थिया गेन्स त्याच्याभोवती टेप फिरवत होती आणि टेपची दोन टोकं एकमेकांना भेटायला तयार नव्हती.

"श्वास सोड, ब्लेडसो."

"सोडलाय, सार्जंट."

"मग हे काय आहे?"

"नाश्ता."

जॉर्जियातल्या त्या छावणीत नाश्ता म्हणजे लोण्यातली जाड, पावासारखी बिस्किटं आणि वरून पळीपळीने ओतलेली सॉसेजची ग्रेव्ही. ती खाऊन ब्लेडसो एकटाच फुगला असता तर निभावलं असतं. पण निम्म्या पलटणीचं वजन उंचीच्या कोष्टकाबाहेर गेलं होतं. कोष्टकाबाहेरच्याला टेप लावायची आणि टेपमध्येही न बसणाऱ्याला फौजेतून काढायचं, असा नियम. त्यात जनरलसाहेब पाहणीला येणार होते.

"मला द्या सगळे, सर," गेन्स म्हणाली. "टेटच्या मागे पळवते. सुतासारखे सरळ होतील."

ऑरन टेट म्हणजे पलटणीतला सगळ्यात वेगवान गडी. वेताच्या छडीसारखा. त्याला टेप कधी लागलीच नव्हती. रेंजरांच्या, म्हणजे निवडक कमांडोंच्या तुकडीत जायचं, एवढं एकच वेड त्याच्या डोक्यात होतं. त्यासाठी तो रविवारीसुद्धा चर्चच्या आधी पळून यायचा.

ट्रेक्सलर हसला. "पळून ही पोटं उतरेपर्यंत जनरल निवृत्त होतील. जरा गणित बघा. पोटाच्या घेरातून मानेचा घेर वजा करायचा, उरेल ती चरबी. बरोबर?"

"बरोबर."

"मग पोटाच्या मागे कशाला लागताय? मान वाढवा."

गेन्सने त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा शोधली. ती तिथे नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचं पळणं बंद झालं. डोक्याला पट्टे, पट्ट्यांना टांगलेली लोखंडी वजनं, आणि मैदानभर माना हलवणारे शूरवीर. आधी वर-खाली, मग आडव्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कसल्याशा प्रश्नावर पलटणीचं एकमत होत नाहीये. माना फुगल्या. कॉलरची बटणं तुटू लागली. ब्लेडसोची हनुवटी कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात, हे त्याच्या बायकोलाही सांगता येईना. पोट मात्र होतं तिथेच, सुखात.

"सर, पळायचं कधी?" टेटने विचारलं.

"तुला कुणी धरून ठेवलंय? पळ की एकटा."

पाहणीच्या दिवशी एकूणएक माणूस टेपमध्ये बसला. जनरलसाहेबांनी ट्रेक्सलरचा हात बराच वेळ सोडला नाही.

"आजकालची पोरं गुबगुबीत झालीत म्हणून मी सगळीकडे डोकं फोडतो. आणि तुमच्याकडे एकही नाही! अशी सज्ज पलटण इथे बसवून ठेवायची म्हणजे पाप आहे."

ते पाप त्यांनी लगेच टाळलं. ट्रेक्सलर मेजर होऊन गार हवेच्या खोलीत गेला. पलटण नव्या कॅप्टनच्या हाताखाली अफगाणिस्तानात, कुनारच्या डोंगरात गेली.

डोंगर टेप लावत नाही. तो सरळ छातीवर बसतो. पहिल्याच चढावर ब्लेडसो एका धोंड्यावर टेकला, तो उठेचना.

"टेट, राजा, एवढा पिठ्ठू घे. त्या वळणापर्यंतच."

वळण आलं आणि गेलं. पुढच्या चढाला आणखी एकाला धाप लागली. टेट दोन-दोन पिठ्ठू वाहू लागला.

"गाढव आहेस का तू?" गेन्स कडाडली.

"गाढव परवडलं, सार्जंट. हे मागे राहिले तर मरतील."

मग एका दुपारी उतारावर गोळीबार सुरू झाला. सगळे खाली पळाले. ब्लेडसोच्याने पळवेना. टेट परत वर गेला, त्याला खांद्यावर घेतलं आणि उतरू लागला. अर्ध्या वाटेत त्याचा गुडघा कडकन मोडला. तरीही त्याने ब्लेडसोला फरफटत खाली आणलं. ब्लेडसोला खरचटलंही नाही.

टेट जॉर्जियाला परतला तो कुबड्या घेऊन. गुडघ्यावर तीनदा शस्त्रक्रिया झाली. रेंजरांचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. नुसतं सैनिक म्हणून राहू द्या, एवढंच तो म्हणायचा. पळणारं शरीर खाटेवर पडलं, भूक मात्र पळणाऱ्याचीच राहिली. आजारपणाची सवलत संपली तेव्हा तो पहिल्यांदाच कोष्टकाबाहेर होता. टेप गेन्सलाच लावावी लागली. तिने ती शक्य तितकी ओढली. तरी तो बसला नाही; मान अजून वेताच्या छडीचीच होती.

टेटला काढायचा कागद मुख्यालयात मेजर ट्रेक्सलरच्या सहीला गेला, तेव्हा ती स्वतः त्याच्याकडे गेली.

"सर, त्याचा गुडघा कशात गेला, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. वाईट वाटतं," मेजर म्हणाला आणि सही केली. "पण एकाला सूट दिली की शिस्त संपली."

छावणीच्या फाटकापर्यंत सोडायला ब्लेडसो आला होता. मास्टर सार्जंटची नवी पट्टी दंडावर, दम लागलेला. त्याने टेटच्या पाठीवर थाप मारली.

"वजनाकडे जरा लक्ष द्यायचं होतंस रे, पोरा."

लठ्ठ म्हणून त्या पलटणीतून काढलेला माणूस तो एकच.