खांद्याचा रंग

शहजादीने अंगठ्याला कडकडून चावा घेतला, तरी केशवरावांनी तिचा पंख सोडला नाही. मोबाइलचा टॉर्च तिच्या खांद्यावर धरून त्यांनी निकाल दिला.

"लाल. जमणार नाही."

हिद्द गावाहून तिचा पिंजरा मांडीवर सांभाळत आलेले रहिमतुल्लाभाई थंड आवाजात म्हणाले, "केशवराव, सोयरीक जमवताय की बंदरावरचा माल तपासताय?"

केशवरावांची हयात आखातातल्या मीना सलमान बंदराच्या वर्कशॉपमध्ये सुटे भाग तपासण्यात गेली होती. त्यांच्या हातून खोटा बोल्टही कधी निसटला नव्हता. "दोन्ही निळ्या कपाळाचे अ‍ॅमेझॉन पोपट, कबूल. पण आमच्या सम्राटचा खांदा पिवळा. उपप्रजाती वेगळी पडते."

"एकटेपणाने तो स्वतःची पिसं उपटतोय," केशवरावांच्या पत्नी प्रभावती म्हणाल्या. "डॉक्टरांनी सोबत आणा म्हणून सांगितलंय. रंग त्याने विचारलाय का?"

"त्याला काय कळतंय? उद्या पिल्लं झाली तर त्यांना कुठली म्हणायचं?"

दर एप्रिलात मंडळाच्या कार्यक्रमात केशवराव जातिअंतावर तासभर बोलत. तेच करारी बोट आताही हवेत होतं. बाबासाहेबांची तसबीर मात्र पाठीमागच्या भिंतीवर होती.

सम्राट दांडीवरून सरकत सरकत गजांपाशी आला. त्याने आपली उघडी पडलेली मान खाली घातली. शेजारी ठेवलेल्या पिंजऱ्यातून शहजादी ती हलकेच कुरवाळू लागली. केशवराव तेव्हा अंगठ्याला हळद लावून घेत होते.

त्यांची लेक मैत्री मघापासून दारात उभी होती. तिचा ऋत्विकही याच तपासणीत अडकला होता. मुलगा इंजिनिअर, निर्व्यसनी, बौद्ध, सगळं पास. फक्त एक बारीकशी चौकशी केशवरावांनी नागपूरच्या चुलतभावावर सोपवली होती. आपल्यातलाच आहे, ठीक. पण आपल्यातला नेमका कुठला? लेकीने विचारलं की ते एवढंच म्हणत, "इंशाल्ला, बघू."

मैत्री एरवी घरात इंग्रजीतच उत्तरं द्यायची. आज तिने सावकाश, एकेक शब्द नीट लावत मराठी काढली.

"पप्पा, ऋत्विक खाली आलाय. उत्तर घेतल्याशिवाय आज आम्ही हलणार नाही. त्याला तसाच वर बोलावू, की शर्ट काढून यायला सांगू?"